चौदसचं पान

"दार बंद असल्या दिवशी मानसाला जेवाला बोलवायचं, आन् मग बोलायचं आयला नाय. कसा येल?"

तुळशी हे कढईतल्या वड्याला बोलली. वडा टम्म फुगला, तिनं झाऱ्यानं त्याला तेलात दाबला आणि पुन्हा पुटपुटली, "अष्टमी त्याची नायच. चौदस हाय त्याची."

शेजारी पाटावर बसून वडे थापणाऱ्या कुमुदिनीनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. न ऐकल्यासारखं करण्यात तिचं माहेर फार तयार होतं. सुयोग गेल्यापासून तर सगळ्यांचाच हात बसला होता.

"आये, हळू. विनिता बाहेरच आहे."

"मी कोनाला काय बोलली? वड्याला बोलली."

पितृपक्षात ज्याची जी तिथी, त्या दिवशी त्याचं पान. सुयोग, कुमुदिनीच्या पाठचा भाऊ, गेल्या वर्षी माघातल्या वद्य अष्टमीला गेला. पहिल्या वर्षी पान घालत नाहीत, म्हणून हे त्याचं पहिलंच. पण जांभूळ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की जो अपघातानं गेला किंवा आपल्या हातानं गेला, त्याचं पान तिथी कुठलीही असो, चौदसला मांडायचं. अमावास्येच्या आदल्या दिवशी. त्या दिवशीच त्याला दार उघडं असतं म्हणे. आता सुयोगचं पान चौदसला मांडायचं, तर तो कसा गेला तेही पानावर वाढल्यासारखंच. घरानं तर सगळ्यांना अटॅक सांगितला होता. गावाला खरं माहीत होतं, आणि दहाव्याला आलेलं गाव छातीला हात लावून म्हणालं होतं, "आजकाल काय सांगता येत नाय, चाळिशीतच येतो." एवढं सभ्य गाव शोधून सापडायचं नाही.

"भुका ऱ्हायला ना, की हाक मारतो," तुळशी म्हणाली. आता मात्र ती वड्याशी बोलत नव्हती. "धाकट्याला हाक मारतो तो."

कुमुदिनीचा हात थांबला. "हितेशला?"

"जेवत नाय. झोपत नाय. गच्चीत नुसता फिरत असतो, मना खाली पावलं ऐकू येतात. मी तुझ्या बाला बोलली, चौदसला घाल पान, पोराला जेवाला मिलू दे, तो गप बसंल, याला सोडंल. तर तुझा बा बोलतो, तू गावभर दवंडी पिटतेस का." तिनं वडा काढला. "तूच बोल त्याला. तुझं ऐकतो."

बाबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, जमीन घ्यायला आलेल्या कंपनीच्या वकिलाचंसुद्धा नाही. पण आईला असं वाटणं ही लेकीची कमाईच. कुमुदिनीनं पदराला हात पुसले. तिला आईच्या भुताचं काही नव्हतं. पण पावलांचं होतं.

विनिता दारात आली. सुयोगची बायको, आता या घरची कर्ती. "आई, खिरीत वेलची घातली का कुणी? मागच्या वेळी सगळ्यांनी घातली होती, खोकल्याचं औषध झालं होतं."

"नाय घातली."

"मग मी घालते." तिनं दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. या दोघी आपल्यामागे काय बोलत होत्या ते तिला कळलं, आणि कळलं हे यांनाही कळलं. नणंद-भावजयीत तेरावं झाल्यापासून एक कुंपण पडलं होतं. तेव्हा कुमुदिनी एकदाच बोलली होती, की राजसीला तरी खरं सांगू या. विनितानं उत्तर दिलं होतं, "ताई, तुम्ही बोलून उल्हासनगरला सासरी जाल. माझी पोरगी इथे राहणारे." ते खोटंही नव्हतं.

हॉलमध्ये सखूआत्या, बाबांची बहीण, पंख्याखाली बैठक मारून अळूच्या देठांची सालं काढत होती. बाबा, म्हणजे बुधाजी, सोफ्यावर. जमीन गेली, भात गेलं, त्या जागी हे तीन मजल्यांचं घर आलं, पण सोफ्यावर बसायचं त्यांना काही जमलं नव्हतं. बांधावर बसल्यासारखे ते पाय वर घेऊन उकिडवे बसायचे.

"कुमुद, ऐकलास का?" आत्यानं हाक दिली. "तुझ्या भावाचा नाद सुटला एकदाचा. शेऱ्या दिला त्यानं."

"दिला म्हणजे? विकला?"

"विकतोय कशाला. अंबरनाथचा तो सम्यक नाय, शर्यतीला बरोबर असायचा, त्याला देऊन टाकला. झूल, घुंगरं, समदं. वरून बोलला, सांभाल त्याला."

"बरा झाला," बुधाजी म्हणाले. "बायको सोडून गेली तरी बैल सोडला नव्हता यानं. आता मानूस मार्गाला लागला. परवा माझ्या पायाला तेल लावलं. स्वतःहून. मी बोललो, बाला, काय पायजे तुला? बोलतो, काय नाय बाबा, असंच."

बुधाजींच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

शेऱ्या म्हणजे हितेशचा जीव होता, असं गाव म्हणायचं. स्वतः शिळा भात खाईल, पण त्याच्या तोंडाला अंडी-दूध लावणार. छकड्याच्या शर्यतीत शेऱ्या जिंकला त्या दिवशी हितेश गुलालात न्हाऊन उल्हासनगरला तिच्या दारात आला होता, घराखालच्या सेठाणीच्या दुकानापुढे, आणि सेठाणी ओरडली होती, "अरे कुमुद, तेरा भाई है के होली है?" तो हितेश. त्यानं बैल दिला, फुकट, आणि घर म्हणतंय मार्गाला लागला.

सुयोगही असाच मार्गाला लागला होता. आधी महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला. मग कात्रपच्या डॉक्टरांकडे नेला, गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू उठला, गणपतीत हसला, आरती म्हणाला. मग बाबा म्हणाले, आता किती दिवस गोळ्या खाणार, वेड्याचं लेबल लागंल. आई म्हणाली, गोळ्यांनी पोरगा ढिला पडतो. विनिता काही म्हणाली नाही, पण डबी कपाटात वर गेली. थंडी पडता पडता तो पुन्हा भिंतीकडे वळला. आणि मग माघात एकाएकी शांत झाला. सगळ्यांशी गोड बोलला, दोन वाट्या आमटी प्यायला, स्कूटर सर्व्हिसिंग करून आणली, चावी विनिताच्या हातात दिली. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. कुमुदिनीला आजही ती शांतता आठवली की अंगावर काटा यायचा. रडणाऱ्या माणसाला घर निदान पाहतं तरी. शांत झालेल्याकडे कोण पाहणार?

"बाबा," ती म्हणाली, "हितेशला डॉक्टरकडे नेऊ या. कात्रपला. मी नेते, उद्याच."



"कशाला?" बुधाजी.

"तो बरा नाहीये."

"एका मानसाला नेला ना तिकडं. काय झालं?"

"तिकडे नेल्यामुळे नाही झालं, बाबा. तिकडे न्यायचं सोडल्यामुळे झालं."

"काय झालं?" बुधाजींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अटॅक आला त्याला. अटॅकला काय कात्रपचा डॉक्टर लागतो?"

हे म्हणताना ते तिच्या डोळ्यात बघत होते. म्हाताऱ्याचे डोळे पाण्यानं भरलेले होते आणि तरी ते तेच म्हणत होते. कुमुदिनीला वाटलं, यांना हलवलं तर हे घरासकट खाली येतील.

"ताई," विनिता खिरीचा डाव हातात घेऊन बाहेर आली होती, "दसऱ्यानंतर राजसीचा साखरपुडा आहे. टिटवाळ्याची माणसं आहेत, चौकशी करणारी. घरात एक गेला, दुसरा तसल्या डॉक्टरकडे जातो, असं कळलं तर? म्हणतील रक्तातच आहे. दसरा होऊ द्या. मग न्या कुठे न्यायचं ते."

"तेच बोलतो मी," बुधाजी म्हणाले.

"आन् पक्षात डॉक्टर कोन सुरू करतो," सखूआत्यानं देठाचं साल ओढता ओढता मत दिलं. आत्याचं मत नेहमी जिथे माणसं जास्त तिथे पडायचं.

एकीकडे तिघं. आत आई, जिला डॉक्टर नको होता पण चौदस हवी होती. कुमुदिनी एकटी. तिला डॉक्टरांचं एक वाक्य आठवत होतं. ती सुयोगबरोबर एकदाच गेली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "मरायचं मनात येतं का, असं सरळ विचारायचं त्यांना. विचारल्यानं डोक्यात शिरत नाही. असलं तर आधीच असतं, विचारलं की निदान बाहेर पडायला वाट मिळते." तिनं मान डोलावली होती. आणि विचारलं नव्हतं. या घरात तो शब्द तोंडातून काढणं म्हणजे यमाला पाट मांडणं. आजही ती जिभेच्या टोकावर शब्द घेऊन फिरत होती.

कावळ्याचं पान तयार झालं. वडे, खीर, गवार, अळू, भोपळा, कढी. सुयोगला खरं म्हणजे सुका जवळा आवडायचा, पण तो पानात चालत नाही. मेल्यावर माणसाची आवड कोण विचारतो. पान घेऊन कुमुदिनी जिना चढली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ हितेश आणि विनिता उभे होते. ती वाळत घातलेले कपडे काढायला आली असावी. कपडे तिच्या खांद्यावरच होते. हितेश वाकून पाइपाला हात लावून दाखवत होता. त्यानं दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट. खूप बारीक झाला होता, पण चेहरा कसा तलावासारखा सपाट.

"वहिनी, हा लाल व्हॉल्व आपल्या मजल्याचा. इकडे फिरवला की बंद. कंपनीचं पाणी आलं की हा आधी उघडायचा, मग मोटर. उलटं केलं तर मोटर जळते. करून बघा एकदा."

"तुम्हीच करता ना रोज, भावजी."

"करून बघा ना. येऊ दे हाताला."

विनितानं व्हॉल्व फिरवला. तो सहज फिरला. हितेशनं हसून मान हलवली. "झालं. काही नाही त्यात. आता कुणाला विचारायला नको."

मग त्याला कुमुदिनी दिसली. "ताई, आण इकडे. आई किती वाढते, कावळ्याला काय अख्खी पंगत बसवायची आहे का?"

त्यानं पान तिच्या हातातून घेतलं आणि कठड्यावर ठेवलं. हात मागे घेतो न घेतो तोच टाकीवरून कावळा झेपावला आणि वडा घेऊन गेला. वाट पाहणं नाही, हात जोडणं नाही, 'काय राहिलं असेल ते करू' असं कबूल करणं नाही. जिन्याच्या दारात धापा टाकत आलेली सखूआत्या तेवढ्यात म्हणाली, "बग, बग. लगेच आयला. पोर समाधानी हाय."

"समाधानीच होता दादा," हितेश म्हणाला. कावळा गेला त्या दिशेला तो बघत राहिला. "सुटला."

कुमुदिनीनं त्याचा दंड धरला. बारीक, हाडाचा. "हितू, शेऱ्या का दिलास?"

"त्याला धावायला पाहिजे ताई. माझ्याच्यानं होत नाही आता. सम्यक बघेल."

"आणि तू?"

"मी काय?" तो हसला. हे हसू तिनं आधी पाहिलं होतं, दुसऱ्या चेहऱ्यावर. आता विचार, असं तिनं स्वतःला बजावलं. आत्ता. तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "जेवलास का सकाळी काही?"

"आता जेवायचंच आहे की," तो म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

तेव्हा कुमुदिनीला विनिता दिसली. ती अजून व्हॉल्वला हात लावून उभी होती. खांद्यावरचे कपडे घसरून खाली पडले होते, तिला पत्ता नव्हता. चेहरा असा, की जणू पाइपातून तिला कुणी नाव घेऊन हाक मारली होती.

"विनिता? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि कपडे तिथेच टाकून जिन्याकडे गेली.

खाली हॉलमध्ये पत्रावळी मांडल्या गेल्या. राजसी पाण्याचे पेले ठेवत होती, तिच्या गळ्यात एक नवी चेन होती आणि आत्यानं विचारल्यावर ती लाजून म्हणाली, "काकानं दिली. साखरपुड्याची. म्हणाला आत्ताच घे." भावकीतली माणसं जेवायला येणार होती, खाली फाटक वाजलं, कुणीतरी चपला काढता काढता हाक दिली, "बुधादादा, हाव ना घरान?" बुधाजी सोफ्यावरून उतरले, टोपी सारखी केली. हितेश तांब्या घेऊन उभा होता, सगळ्यांत आधी बापाच्या पेल्यात पाणी ओतत होता.

विनिता खिरीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली.

"भावजी, तो व्हॉल्व मला कशाला शिकवलात?"

हितेशनं मान वर केली. "असंच. कुणाला तरी माहीत पाहिजे ना."

"तुम्ही आहात की."

पेला भरला होता, त्यानं तांब्या सरळ केला.

"यांनी मला इन्व्हर्टर शिकवला होता," विनिता म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "कुठली वायर, पाणी कधी घालायचं. गॅसचा नंबर कसा लावायचा. विम्याचे कागद कुठे आहेत. म्हणाले, येऊ दे हाताला. अगदी असंच. मी खूश झाले. म्हटलं, माणूस घरात लक्ष घालायला लागला. चहात आलं घालून दिलं मी त्यांना त्या दिवशी."

"विनिता," बुधाजी म्हणाले, "मानसं जिन्यात हायत."

"असू देत, बाबा."

"अगो, पोरीचा साखरपुडा..." सखूआत्या.

"होईल नाही तर राहील. नवरा मिळेल तिला कुठे ना कुठे. काका कुठून आणू?" तिनं पातेलं खाली ठेवलं. जमिनीवर ठेवताना त्याचा आवाज झाला आणि जिन्यातली कुजबुज बंद झाली. "अटॅक नव्हता आला यांना. आजारी होते. डोक्याचा आजार होता, औषध होतं त्याला, औषधानं बरे होत होते. आपण डबी वर ठेवली. मी ठेवली, माझ्या हातानं, तुम्ही सगळ्यांनी ठेव म्हटलं. आणि यांनी जीव दिला. राजसी, तुझ्या बाबांनी जीव दिला. आम्ही खोटं सांगितलं तुला."

राजसीच्या हातातला पेला हातातच राहिला. तिला आधीच माहीत होतं, हे कुमुदिनीला त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पोरगीसुद्धा या घरचीच. तिनंही न ऐकल्यासारखं केलं होतं.

विनिता पत्रावळी ओलांडून गेली. पत्रावळ ओलांडू नये म्हणतात. ती ओलांडून गेली आणि दिरासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"हितेश. मरायचं मनात आहे का तुमच्या?"

कुमुदिनीला वाटलं, आता तो हसेल. काय वहिनी, असं म्हणेल, आणि आपण सगळे त्याच्या हसण्याला लटकू, जेवू, वाटण्या करू कोण कुठे बसायचं त्याच्या. स्वयंपाकघराच्या दारात तुळशी येऊन उभी राहिली होती, झाऱ्यातून तेल तिच्या पायावर ठिबकत होतं. बाबा सोफ्याचा हात धरून उभे होते. दारात भावकीतली दोन म्हातारी माणसं, एका पायात चप्पल तशीच.

हितेशनं तांब्या जमिनीवर ठेवला. सांडू नये म्हणून बेतानं ठेवला.

"आहे, वहिनी," तो म्हणाला.

व्हॉल्व समजावून सांगताना होता तसाच त्याचा आवाज होता, साधा, घाई नसलेला. फक्त आईकडे वळला तेव्हा तो थोडा फाटला.

"चौदसचं ठरवलं होतं. आई रोज पुटपुटते ना, दादाचं पान चौदसला पाहिजे म्हणून. म्हटलं, दोघांचं एकाच दिवशी होईल. दर वर्षी तिला दोनदा वडे तळायला नको."